वाचकांचे प्रश्न : काम नेमके कुठे बोचते?

गेल्या दोन महिन्यांत आलेल्या पत्रांपैकी बरीच पत्रे एकाच तक्रारीची होती : काम समोर असते, वेळही असतो, काम येतही असते आणि तरी हात त्याकडे वळत नाही. त्यांतील पाच पत्रे येथे निवडली आहेत. पत्रे संक्षिप्त केली असून लिहिणाऱ्यांची ओळख पटेल असा तपशील गाळला आहे. चालढकलीवर उत्तरे देणारी ही लेखिका स्वतःचा मजकूर संपादकांच्या हाती नेहमी मुदतीच्या दिवशी संध्याकाळी देते, हेही सुरुवातीलाच नोंदवलेले बरे.

प्रश्न : मी ३४ वर्षांचा असून नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीत वाहनांचे सुटे भाग तयार करणाऱ्या एका कारखान्याच्या गुणवत्ता विभागात काम करतो. ग्राहक कंपनीकडून एखाद्या भागाबद्दल तक्रार आली की दोषाचे मूळ कारण शोधून आठ टप्प्यांचा ‘एट-डी’ अहवाल मुदतीत पाठवणे ही माझी जबाबदारी आहे. सदोष माल बाजूला काढणे, साठा तपासणे ही पहिल्या दिवसाची धावपळ मी चोख करतो. मूळ कारणाचा भाग आला की मात्र दहा दिवस हाताशी असूनही नऊ दिवस भलतीच कामे करत राहतो. मेलना उत्तरे देतो, जुन्या फाइली लावतो, शॉप फ्लोअरवर उगाच चक्कर मारून येतो आणि अखेरच्या रात्री दोन वाजेपर्यंत बसून अहवाल उरकतो. अहवाल जातो, पण ग्राहकाचे उलटे प्रश्न येतात. पहाटे पाचला उठून पाहिले, मोबाइलवर कामांच्या याद्यांची ॲप घेतली. काहीही पंधरा दिवसांपलीकडे टिकले नाही. माझे वडील निफाड तालुक्यात द्राक्षबाग करतात. त्यांची एक फवारणी चुकत नाही. ते म्हणतात, ‘नोकरी आहे म्हणून तुझे चालते, बाग असती तर केव्हाच गेली असती.’ मी मुळातच आळशी आहे का?
— एक वाचक, अंबड

उत्तर : तुमच्या पत्रातच अर्धे उत्तर आहे. आळशी माणूस पहिल्या दिवसाची धावपळही करत नाही, आणि अहवाल टाळण्यासाठी जुन्या फाइली तर मुळीच लावत नाही. तुम्ही नऊ दिवस रिकामे बसलेले नसून एका कामापासून दूर राहण्यासाठी दहा कामे करता आहात. तेव्हा ‘मी असा का आहे’ हा प्रश्न तूर्त बाजूला ठेवावा आणि ‘त्या अहवालाच्या कोणत्या ओळीशी माझा हात थांबतो’ हा प्रश्न घ्यावा. तो लहान आहे आणि त्याचे उत्तर सापडण्यासारखे आहे.

या सदराकडे वळण्यापूर्वी मी २२ वर्षे एका कारखान्याच्या कार्मिक विभागात होते, त्यामुळे हे अहवाल मी जवळून पाहिले आहेत. एक उदाहरण घेऊ. एका भागाच्या छिद्राचा व्यास मोठा आला. का? इन्सर्ट, म्हणजे हत्याराचे बदलते पाते, झिजली होती. ती वेळेवर का बदलली नाही? ठरावीक नगांनंतर बदलायची असते, पण नग मोजले गेले नाहीत. का मोजले गेले नाहीत? मशीनवरचा काउंटर दोन महिने बंद आहे. तो दुरुस्त का झाला नाही? कारण मेंटेनन्सकडे दिलेला अर्ज तसाच पडून आहे. ‘व्हाय-व्हाय’ करताना पहिले दोन ‘का’ कोणीही लिहितो. तिसऱ्या ‘का’पाशी गोष्ट दुसऱ्या विभागाच्या दारात जाते, चौथ्यापाशी एका माणसाचे नाव येते, आणि तो माणूस रोज दुपारी कँटीनमध्ये आपल्याच टेबलावर जेवत असतो. लेखणी थांबते ती तेथे. मग अखेरच्या रात्री ‘ऑपरेटरचा निष्काळजीपणा; प्रशिक्षण दिले’ असे लिहून सुटका करून घेतली जाते, आणि ग्राहक कंपनीतील जाणता माणूस नेमक्या त्याच वाक्यावर बोट ठेवून प्रश्न परत पाठवतो. तुमचे अगदी असेच होत असेल असे मी ठामपणे म्हणणार नाही. परंतु प्रश्न उलटून येतात हे तुम्हीच लिहिले आहे, म्हणून माझा संशय त्या बाजूला जातो.

टिमोथी पिचिल आणि फ्युशिया सिरॉइस या मानसशास्त्रज्ञांनी २०१३ साली प्रसिद्ध केलेल्या लेखात चालढकलीची जी उपपत्ती मांडली, ती तुमच्या नऊ दिवसांना चपखल बसते. त्यांच्या मते चालढकल ही वेळेच्या हिशेबातली चूक कमी आणि मनाला तत्काळ आराम मिळवून देण्याची युक्ती जास्त असते. एखाद्या कामाला भीती, कंटाळा, अपमानाची शंका असे काहीतरी चिकटलेले असते. ती फाइल मिटली की त्या क्षणी खरोखरच हलके वाटते, आणि हे हलके वाटणे हेच त्या टाळाटाळीचे बक्षीस ठरते. बक्षीस मिळालेली कृती मन पुन्हा करते. पहाटे पाचचा गजर आणि यादीचे ॲप यांनी तुमच्या दिवसाला आणखी तास जोडले असतील, पण कामाची बोच तेवढीच राहिली. दोन जास्तीचे तास मिळाल्याने तुम्हाला टाळायला दोन तास जास्त मिळाले, इतकेच.

मग करायचे काय? तक्रार आली त्याच दिवशी, धावपळीची ऊब अंगात असतानाच, मशीनजवळ उभे राहून साध्या कागदावर पेन्सिलीने पहिले तीन-चार ‘का’ लिहून काढावेत. अहवालाचा नमुना त्या दिवशी उघडूच नये, कारण नमुना उघडला की अक्षर नीटनेटके करण्याची हौस येते आणि विचार थांबतो. दुसऱ्या दिवशी ज्या विभागाचे नाव त्या कागदावर येत असेल, त्याच्या प्रमुखाकडे जावे आणि सांगावे, ‘साहेब, अहवालात काउंटरचा उल्लेख करावा लागणार आहे. मेलमधून कळण्याआधी तुमच्या कानावर घालतो आहे. दुरुस्तीची तारीख मिळाली तर तीच उपाय म्हणून लिहितो.’ हे पंधरा मिनिटांचे बोलणे म्हणजेच तुमचे खरे काम आहे. बाकीचे टंकलेखन आहे, आणि ते टाळण्यासाठी कोणी नऊ दिवस खर्च करत नाही.

हे बोलणेही तुम्ही उद्यावर टाकाल, म्हणून त्याला एक खुंटी हवी. जर्मन मानसशास्त्रज्ञ पीटर गोल्विट्झर यांनी १९९९ साली एका लेखात अशा योजनांवरील प्रयोगांचा आढावा घेतला होता. त्याचे सार असे की नुसता निश्चय करणाऱ्यांपेक्षा ‘अमुक घडले की मी तमुक करीन’ असे आधीच जोडून ठेवणाऱ्यांच्या हातून काम पार पडण्याचे प्रमाण बरेच जास्त असते. ‘उद्या मेंटेनन्सशी बोलेन’ हा निश्चय झाला. ‘सकाळच्या उत्पादन बैठकीतून बाहेर पडलो की माझ्या जागेवर न जाता सरळ त्यांच्या केबिनमध्ये जाईन’ ही योजना झाली. जागेवर जाऊन बसलात की मेल उघडलीच म्हणून समजा.

आता वडिलांविषयी. त्यांचे म्हणणे खरे आहे. फक्त बागेची शिस्त त्यांच्या एकट्याच्या स्वभावातून येते असे जे तुम्ही धरून चालला आहात, ते तपासून पाहावे. बागायतदाराला ‘प्लॉट कितव्या दिवसावर आहे?’ असे विचारले की तो पापणी न हलवता ‘अठ्ठावीस’ किंवा ‘पंचेचाळीस’ असे सांगतो, कारण ऑक्टोबर छाटणीपासून तेथे दिवस पुढे मोजले जातात. डोळे फुटण्यासाठी पेस्ट कधी, विरळणी कधी, घड द्रावणात बुडवण्याचे डिपिंग कधी, हे त्या दिवसांना बांधलेले असते. छाटणीची टोळी महिनाभर आधी ठरलेली असते; ती दारात येऊन उभी राहिली की ‘आज मूड नाही’ असे म्हणण्याची सोय उरत नाही. पाऊस झाला की डाऊनी या बुरशीचा डाग थोड्याच दिवसांत पानावर दिसतो, आणि शेजारच्यालाही दिसतो. व्यापाऱ्याची गाडी कधी येणार, त्या तारखेपासून मागे मोजत बसणारा बागायतदार मी पाहिलेला नाही. तुम्ही मात्र दहाव्या दिवसापासून मागे मोजता : अजून सात आहेत, अजून पाच आहेत. टेबलासमोरच्या फळ्यावर प्रत्येक तक्रारीपुढे ‘दिवस तिसरा’, ‘दिवस चौथा’ असे रोज सकाळी लिहावे आणि तिसऱ्या दिवसाला काय झालेले असायला हवे ते तुमच्या वरिष्ठांनाही सांगून ठेवावे. वडिलांना बाग जे पुरवते ते तुम्हाला फळा आणि वरिष्ठ यांनी पुरवायचे आहे. आणि एकदा त्यांना सहज विचारून पाहा, की सातबाऱ्यावरच्या वारसनोंदीचे किंवा बँकेच्या कागदांचे काम किती वर्षे पडून आहे. तेथे टोळीही येत नाही आणि डागही दिसत नाही.

पंधरा दिवसांत सवय टिकली नाही म्हणून खंत करू नये. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधील फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ जणांच्या नव्या सवयींवर लक्ष ठेवले होते. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात सवय अंगवळणी पडायला साधारण ६६ दिवस लागतात असे दिसले, आणि माणसागणिक हा आकडा १८ पासून २५४ पर्यंत गेला. मध्ये एखादा दिवस चुकल्याने फारसे बिघडत नाही, हेही त्यात आढळले. तुम्ही बहुधा एक दिवस चुकला की सगळेच सोडून देत असाल. आरंभशूर माणसाची खरी अडचण आरंभानंतर नसून पहिल्या खाड्यानंतर असते.

प्रश्न : माझे वय ४१. पुण्यातील एका सॉफ्टवेअर कंपनीचे काम मी गेली चार वर्षे नाशिकच्या गंगापूर रोडवरील घरातूनच करते. साडेनऊला लॅपटॉप उघडते, पण खरे काम सुरू व्हायला बारा वाजतात. कुकर, दाराची बेल, कुरिअर, सासूबाईंची औषधे, मधूनच कोणी नातेवाईक. सगळ्यांचे म्हणणे एकच : ‘घरीच तर आहेस.’ दुपारी कंटाळा येऊन मोबाइल हातात घेते तो तासभर सुटत नाही. मग रात्री दहानंतर बसून काम संपवते आणि दुसऱ्या दिवशी डोके जड. कार्यालयात जात होते तेव्हा असे नव्हते. स्वतःला शिस्त कशी लावावी?
— एक वाचक, गंगापूर रोड

उत्तर : आधी वजाबाकी करू या. एक वही घ्यावी, पानाचे दोन भाग करावेत आणि आठवडाभर खुर्चीवरून उठण्याचे प्रत्येक कारण लिहावे. स्वतःहून उठलात तर डावीकडे, कोणी उठवले तर उजवीकडे. उजवी बाजू लांब भरेल असा माझा अंदाज आहे, आणि ती तुमची चालढकल नव्हे. ज्या गोष्टीचा दोष आपला नाही तिच्यासाठी स्वतःला शिस्त लावायला गेले की नुसता थकवा पदरी पडतो.

एक व्यत्यय दोन मिनिटांचा असला तरी त्याची किंमत दोन मिनिटे नसते. सोफी लेरॉय या संशोधिकेने २००९ साली दाखवून दिले होते की अर्धवट काम सोडून दुसऱ्याकडे वळलेल्या माणसाच्या लक्षाचा काही भाग पहिल्याच कामात रेंगाळतो. बेल वाजली, कुरिअर घेतले, परत येऊन बसलात. पण मघाशी कोणत्या ओळीवर होतात ते आठवेपर्यंत कुकरची तिसरी शिट्टी होते. असे चार वेळा झाले की पुढचे काम उघडण्याचीच इच्छा मरते, कारण ते पुन्हा मोडणार हे मनाला आधीच कळलेले असते. दुपारी मोबाइलकडे जाणारा तुमचा हात मला येथून निघालेला दिसतो. मोबाइलमध्ये निदान कोणी मध्ये येत नाही!

तेव्हा घरात स्पष्ट बोलावे लागेल, आणि ते ‘मला त्रास देऊ नका’ अशा भाषेत नको. सासूबाईंना नेमके एक काम सोपवावे : ‘दहा ते एक बेल वाजली तर तुम्ही बघाल का?’ ज्येष्ठांना मनाईपेक्षा जबाबदारी रुचते. कुरिअर खाली सुरक्षारक्षकाकडे ठेवायला सांगावे, कुकर साडेनऊपूर्वी उतरवावा किंवा एकनंतर चढवावा, आणि औषधांच्या वेळांपैकी दहा ते एकमध्ये येणारी वेळ यजमानांनी फोनवर आठवण करून देऊन सांभाळावी. ते स्वतः कार्यालयात असतील तर हरकत नाही. तुम्हीही कार्यालयातच आहात, हे त्यांना त्यातून आपोआप कळेल. हे तीन तास मिळाले तर बाकीच्या दिवसाकडे मी काणाडोळा करीन.

डाव्या बाजूच्या रकान्यासाठी उपाय लहान आहेत. सकाळी चप्पल घालून इमारतीखाली उतरावे, एक फेरी मारावी आणि ‘कामावर येऊन’ बसावे. हसू येईल, पण पूर्वी कार्यालयापर्यंतचा रस्ता हेच काम तुमच्यासाठी करत होता. संध्याकाळी उठताना काम एखाद्या पूर्ण टप्प्यावर न थांबवता मध्येच थांबवावे आणि पुढची ओळ कोणती ते तेथेच लिहून ठेवावे. कोऱ्या पडद्यापेक्षा अर्धे वाक्य सोपे असते. वेळ लावून काम करायचे असेल तर इटलीच्या फ्रान्चेस्को चिरिल्लो यांची २५ मिनिटांची रीत वापरून पाहावी. १९८०च्या दशकाच्या अखेरीस, विद्यार्थी असताना, त्यांनी टोमॅटोच्या आकाराचा स्वयंपाकघरातला टायमर लावून अभ्यास सुरू केला आणि त्या रीतीला इटालियन भाषेतील टोमॅटोचे नाव, पोमोदोरो, हेच दिले. पिंपळगाव बसवंतच्या बाजारात टोमॅटोच्या क्रेटच्या राशी पाहणाऱ्या आपल्या जिल्ह्याने हे नाव तरी विसरू नये. टायमर मात्र मोबाइलवरचा नको.

रात्रीचे काम एकदम बंद करू नये. पहिल्या आठवड्यात साडेदहा, नंतर दहा, असे मागे आणावे. सकाळचे तीन तास मिळू लागले की रात्र आपोआप मोकळी होते. उलट क्रमाने हे जमलेले मी पाहिलेले नाही.

प्रश्न : शरणपूर रोडवर माझे कर सल्लागाराचे छोटे कार्यालय आहे, पाच सहकारी आहेत. जीएसटीची जीएसटीआर-१, म्हणजे विक्रीचे विवरण, दर महिन्याच्या ११ तारखेला आणि थ्री-बी, म्हणजे कर भरण्याचे विवरण, २० तारखेला भरायची, हे शेंबड्या पोरालाही पाठ झाले आहे. तरीही दर १९ तारखेला रात्री दहापर्यंत कार्यालय चालू असते, पोर्टल मंदावते आणि एखाद्या ग्राहकाचे विवरण राहून त्याला दिवसाला ५० रुपये विलंब शुल्क बसते, कर थकला तर वर १८ टक्के व्याज. रागावून पाहिले, पगारातून रक्कम कापून पाहिली. ‘किती दिवसांत होईल?’ असे विचारले की प्रत्येक जण ‘दोन दिवसांत, सर’ म्हणतो. यांना शिस्त कशी लावावी?
— एक वाचक, शरणपूर रोड

उत्तर : पगारातून कापणे आजच थांबवावे. त्याने उशीर घटत नाही. उशीर लपवण्याचे कौशल्य वाढते.

तुमच्या पत्रात ज्या दोन तारखा आहेत त्या सरकारच्या आहेत. तुमच्या कार्यालयाची स्वतःची एकही तारीख मला त्यात दिसली नाही. डॅन एरिएली आणि क्लाउस वर्टेनब्रोख यांनी २००२ साली प्रसिद्ध केलेला एक प्रयोग मासिकवाल्यांना तर विशेष जवळचा वाटावा. काही जणांना मुद्रितशोधनासाठी तीन मजकूर दिले. एका गटाला ठरावीक अंतराने एकेक मजकूर देण्याचे बंधन होते, दुसऱ्याने आपल्या तारखा आपणच ठरवायच्या होत्या, तिसऱ्याने तिन्ही मजकूर अखेरीस एकदम द्यायचे होते. सर्वाधिक चुका पहिल्या गटाने पकडल्या, सर्वांत कमी तिसऱ्याने. स्वतः तारखा ठरवणारे मध्ये राहिले. तुमचे कार्यालय तिसऱ्या गटात बसते.

येथे एक गोष्ट तुम्हाला माझ्यापेक्षा चांगली ठाऊक आहे, तरी लिहिते. खरेदीचा ताळा ज्या टू-बीवरून, म्हणजे पुरवठादारांच्या विवरणांतून तयार होणाऱ्या खरेदीच्या यादीवरून, घ्यायचा ती पोर्टलवर १४ तारखेला येते. म्हणजे थ्री-बीसाठी सहकाऱ्यांच्या हातात खरे दिवस सहाच उरतात, आणि त्यांत एखादा रविवार. या सहा दिवसांत जर ते ग्राहकाने पिशवीत कोंबून आणलेली खरेदीची बिले लावत बसले असतील, तर १९ची रात्र अटळ आहे. बिले ५ तारखेपर्यंत कार्यालयात, त्यांच्या नोंदी १३ पर्यंत पूर्ण, १४ पासून फक्त ताळा, आणि १७ला पहिली दहा विवरणे तुमच्या टेबलावर : अशा तारखा भिंतीवर लागायला हव्यात. ५ तारखेनंतर पिशवी घेऊन येणाऱ्या ग्राहकाला तुम्ही स्वतः फोन करावा. तो फोन करणे तुम्हाला जड जाते का, हेही एकदा तपासावे. जुन्या ग्राहकाला टोकणे नको वाटते आणि मग त्याच्या उशिराचे ओझे कनिष्ठांच्या अंगावर येते, असा प्रकार मी एकाहून अधिक कार्यालयांत पाहिला आहे. चालढकल मालकाचीही असू शकते.

‘दोन दिवसांत, सर’ हे खोटे नसते, बोलणाऱ्याला ते मनापासून खरे वाटत असते. १९९४ साली प्रसिद्ध झालेल्या रॉजर ब्यूलर व सहकाऱ्यांच्या अभ्यासात विद्यार्थ्यांना प्रबंध कधी पूर्ण होईल असे विचारले होते. सरासरी अंदाज ३४ दिवसांचा होता. सगळेच बिघडले तर किती, याचा अंदाज ४९ दिवसांचा होता. प्रत्यक्षात ५५ दिवस लागले. माणूस अंदाज करताना समोरच्या कामाचे चित्र पाहतो, मागच्या वेळी काय झाले ते पाहत नाही. म्हणून ‘किती दिवस लागतील?’ हा प्रश्न सोडून द्यावा आणि ‘गेल्या महिन्यात याच ग्राहकाचे काम कुठे अडले होते?’ असे विचारावे.

शेवटचे थोडे बोचणारे आहे. तुमचे सहकारी अर्धवट काम तुम्हाला दाखवत नाहीत, कारण अर्ध्या कामात चुका असतात आणि तुम्ही चुकांवर रागावता. मग ते काम निर्दोष होईपर्यंत लपवून ठेवतात आणि ते निर्दोष होते १९च्या रात्री. १५ तारखेला दुपारी चारला प्रत्येकाने आपले कच्चे काम घेऊन तुमच्याजवळ बसावे आणि त्या अर्ध्या तासात तुम्ही आवाज चढवू नये. तीन महिने एवढे पाळता आले, तर शिस्त कोणाला लावायची होती ते तुमचे तुम्हालाच कळेल.

प्रश्न : वय २३, पहिलीच नोकरी. तीन महिन्यांपासून कोणतेही काम सुरूच होत नाही. कार्यालयाचेच नव्हे, आंघोळ, मित्राला फोन, रविवारचे क्रिकेटसुद्धा पुढे ढकलतो. रात्री तीनपर्यंत झोप नाही, जेवण जात नाही. घरचे म्हणतात, शिस्त नाही. वेळापत्रक करून द्याल का?
— एक वाचक, सिडको, नाशिक

उत्तर : नाही, वेळापत्रक करून देणार नाही. जो माणूस आवडीचे क्रिकेटही टाळतो आहे, ज्याची झोप आणि भूक दोन्ही गेली आहेत, त्याचा प्रश्न शिस्तीचा नसण्याची शक्यता मोठी आहे. नैराश्याची सुरुवात अनेकदा अशीच दिसते; थायरॉइडसारखे शारीरिक कारणही असू शकते. लक्ष एकाग्र न होण्याचा त्रास लहानपणापासून असेल तर तो वेगळा तपासावा लागतो. यातले काय आहे हे पत्रावरून ठरवता येत नाही आणि मोबाइलवर वाचून तुम्हीही ठरवू नये. या आठवड्यातच डॉक्टरांना भेटावे. जिल्हा शासकीय रुग्णालयातील मनोविकार विभागातही जाता येईल. तोवर केव्हाही, अगदी रात्री तीनलाही, ‘टेली-मानस’ या शासकीय सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर निःशुल्क बोलता येते, आणि मराठीतून बोलता येते. मनात जीव नकोसा झाल्याचे विचार येत असतील तर आठवड्याचीही वाट पाहू नये, आजच घरातल्या कोणाला तरी सांगून बरोबर न्यावे. भेटीची वेळ घेण्याचे कामसुद्धा तुम्हाला सध्या डोंगराएवढे वाटेल, म्हणून हे पान घरच्यांच्या हातात द्यावे आणि वेळ त्यांना घ्यायला सांगावे.

प्रश्न : मी ३३ वर्षे शाळेत शिकवले आणि एक दिवसही उशिरा गेलो नाही. आपल्या सदरात चालढकलीविषयी ‘भीती’, ‘मन’, ‘बोच’ असले शब्द वारंवार येतात. ही लाडाची भाषा झाली. आमच्या पिढीला कोणी असे गोंजारले नव्हते. काम म्हणजे काम होते. जाता जाता : पंचवटीतील जुन्या वाड्यांविषयी पुस्तक लिहावे म्हणून निवृत्तीच्या दिवशी सहा वह्या आणल्या होत्या. सहा वर्षे झाली, त्या कोऱ्याच आहेत. काही उपाय सुचल्यास कळवावे.
— एक निवृत्त शिक्षक, पंचवटी

उत्तर : सर, ‘जाता जाता’च्या पुढचा मजकूर मी तीनदा वाचला.

तुमच्या पिढीच्या कष्टांविषयी मला आदर आहे आणि लाडाविषयीचा आक्षेपही मी पूर्णपणे झटकून टाकत नाही. मनाचे कारण सापडले म्हणजे काम झाले, असे मानणारेही मला भेटतात. परंतु ३३ वर्षे तुमच्यासाठी घंटा वाजत होती. हजेरीपटावर सही करायची होती आणि वर्गात पन्नास मुले तुमची वाट पाहत होती. वहीची वाट कोणी पाहत नाही. तुम्ही तेच आहात, घंटा गेली आहे. शिवाय माझा असा अंदाज आहे की तुम्हाला ‘पुस्तक’ या शब्दाचा धाक बसला आहे. उभे आयुष्य दुसऱ्यांच्या वह्यांवर लाल शाईने खुणा करणाऱ्याला आपले पहिले वाक्य खोडावेसे वाटणारच. कॅनडातील मायकेल वोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० साली विद्यार्थ्यांवरच एक अभ्यास प्रसिद्ध केला होता : पहिल्या परीक्षेच्या वेळी झालेल्या चालढकलीबद्दल ज्यांनी स्वतःला माफ केले, त्यांनी दुसऱ्या परीक्षेच्या वेळी ती कमी केली. सहा वर्षे गेली ती गेली, एवढे गोंजारणे तुम्हीही स्वतःचे करावे.

मंगळवारी आणि शुक्रवारी सकाळी अकराला १८४० साली स्थापन झालेल्या आपल्या नाशिकच्या सार्वजनिक वाचनालयात जाऊन बसावे आणि एखाद्या जुन्या विद्यार्थ्याला बाराच्या ठोक्याला लिहिलेले पान वाचून दाखवण्याचे कबूल करावे. पहिल्या दिवशी एकाच वाड्याविषयी लिहावे, आणि तेही जोते, चौक आणि आड यांच्यापलीकडे जाऊ नये. प्रस्तावना तर अजिबात लिहू नये. ते पान, लाल शाई न लावता, या सदराच्या पत्त्यावर पाठवावे. पुढील अंकाचा मजकूर १८ तारखेला छपाईला जातो.